पाहण्यासारखं काही नाही

माझं लग्न सांगलीत झालं. पंगतीत माझ्या उजव्या हाताला थोरले साडू दिलीपराव बसले होते. ते पुण्याचे. माझ्या आधी चार वर्षं सांगलीचे जावई झालेले, म्हणजे या खात्यात मला सीनियर. जिलबीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी विचारलं, "सांगलीला पहिल्यांदाच का?"

मी म्हटलं, "नाही, मुलगी बघायला आलो होतो ना."

"तेवढंच," ते म्हणाले. "तेवढं उरकलं की सांगलीत पाहण्यासारखी एकच गोष्ट राहते. परतीचं तिकीट."

पंगत हसली. मीही हसलो. नवरदेवानं हसायचंच असतं. पण खरं सांगतो, मी जरा जपूनच हसलो, कारण मी सातारचा. सातारच्या माणसानं सांगलीला हसायचं म्हणजे चाळणीनं सुईला नावं ठेवण्यातला प्रकार.

तुम्ही म्हणाल, सातारला काय कमी आहे? अगदी बरोबर. सातारचं नाव काढलं की लोक बोटं मोडून मोजायला लागतात. महाबळेश्वर आहे, पाचगणी आहे, प्रतापगड आहे, कास आहे, ठोसेघरचा धबधबा आहे, सज्जनगड आहे. एवढं सगळं आहे. फक्त यातलं काहीही सातारला नाही, सगळं सातारच्या पुढं आहे. पुण्या-मुंबईची मंडळी तर सातारपर्यंत पोचतही नाहीत. ती सुरूरच्या फाट्यालाच वळतात आणि वाईवरून पाचगणीचा घाट चढतात. दक्षिणेकडून येणारी पोचतात, पण थांबत नाहीत. लहानपणी एस.टी.च्या कंडक्टरच्या तोंडून मी माझ्या गावाचं जे वर्णन ऐकलं तेच आजवर कायम आहे : "सातारा, सातारा! दहा मिनिटं थांबेल!" छत्रपती शाहू महाराजांची राजधानी, आणि दहा मिनिटं! त्यात पाच मिनिटं कंदी पेढ्यांना.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी महाबळेश्वरला जाणारे पाहुणे नेमानं उतरायचे. चहा घ्यायचे, पोरांना मोरीवर नेऊन आणायचे, आणि आईनं बांधून दिलेल्या दशम्या घेऊन पुढच्या गाडीला पळायचे. बाबांचा बिचाऱ्यांचा आग्रह असायचा, "अहो, अजिंक्यतारा तरी बघून जा. समोर तर आहे." पाहुणे उंबऱ्यातूनच मान वर करून किल्ला बघायचे आणि म्हणायचे, "बघितला."

अलीकडं कासच्या फुलांची गर्दी वाढली. पश्चिम घाटातली ठिकाणं २०१२ साली जागतिक वारसा झाली, त्यात कासही आलं, आणि फुलं तुडवली जाऊ नयेत म्हणून दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घालावी लागली. ऑगस्ट उजाडला की वीस-वीस वर्षं पत्ता नसलेले मित्र फोन करतात, "फुलं आली का रे?" मी कसा आहे हे कोणी विचारत नाही. २०२४ च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातून वाघनखं सातारच्या संग्रहालयात आली. वाटलं, चला, आता कोणीतरी खास सातारला म्हणून येईल. आलेही पुष्कळ. पण सात महिन्यांनी वाघनखंच नागपूरला गेली. सातारला जे येतं ते पुढं जाण्यासाठीच येतं, त्याला वाघनखंही अपवाद नाहीत.

ही माझी पार्श्वभूमी. २०१४ साली मी सांगलीला बदली मागून घेतली. सासूबाई एकट्या होत्या आणि 'ही'चा जीव सांगलीत होता. आमच्या मॅनेजरसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "मागून?" ते म्हणाले. "सांगली?" बँकेत माणसं पुणं मागतात, कोल्हापूर मागतात, सांगली मिळते.

आणि मग आमच्या घरी पाहुण्यांचा जो ओघ सुरू झाला, तो मला अजून आटोपलेला नाही. कॉम्प्युटर आल्यावर शाखेतून रद्दीत निघालेलं एक उभ्या रेघांचं रजिस्टर माझ्याकडं होतं. बी.कॉम. झालेल्या माणसाला कोरे रकाने बघवत नाहीत. तारीख, नाव, गाव, मुक्काम, उद्देश असे मथळे घालून मी पाहुण्यांची नोंद ठेवायला लागलो. नमुन्यादाखल २०१८ सालचा गोषवारा देतो. एकूण पाहुणे ४१. पैकी दवाखाना १९, लग्न-मुंज-स्थळ ११, हळद आणि बेदाणा ४, कॉलेजप्रवेश ३, कोर्ट २, मिरजेला गाडी चुकली २. सांगली पाहणे : निरंक.

आता या एकोणिसांचं जरा सविस्तर सांगायला हवं. डॉ. वानलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ उभं केलं. त्या एका इस्पितळाच्या आसऱ्यानं पुढं गल्लोगल्ली इतकी इस्पितळं झाली की मिरज हे गाव नसून ओ.पी.डी. आहे असं वाटावं. कर्नाटकातून, कोकणातून, सोलापुराकडून माणसं येतात. मिरज स्टेशनाबाहेर रिक्षावाला 'कुठं जायचं?' असं विचारत नाही, 'कोणता डॉक्टर?' असं विचारतो. आमच्या नात्यातल्या कोणाचाही गुडघा कुरकुरला की त्याचा पहिला आवाज आमच्या फोनवर येतो. सातारचे पाहुणे हातात कॅमेरा घेऊन यायचे आणि चहा पिऊन जायचे. सांगलीचे पाहुणे हातात फाईल घेऊन येतात आणि टाके निघाल्यावर जातात. आठ आठ दिवस राहतात, आमच्या गॅलरीत बसून ऊन खातात, जाताना दोन-दोन किलो भडंग नेतात, आणि आपापल्या गावी जाऊन सांगतात, "सांगलीला होतो हो आठवडाभर. तसं काही नाही तिथं पाहण्यासारखं."

एकदा मी हा हिशेब दिलीपरावांपुढं मांडला. दिलीपराव म्हणजे पर्यटनातलं मोठं प्रस्थ. सिंगापूर झालं, स्वित्झर्लंड झालं, काश्मीर तर दोनदा. कुठल्या गावात काय 'पाहण्यासारखं' आहे ते त्यांना तोंडपाठ. मी म्हटलं, जगभरच्या पर्यटनाचा हिशेब ठेवणारी जी संघटना आहे तिच्या व्याख्येत, नेहमीचं गाव सोडून वर्षाच्या आत, कामाधंद्याला किंवा औषधपाण्याला म्हणून दुसरीकडं गेलेला माणूससुद्धा पाहुणाच धरतात. त्या हिशेबानं सांगली-मिरज हे केवढं मोठं ठिकाण झालं!

दिलीपरावांनी चष्मा पुसला. "म्हणजे मूळव्याधीच्या ऑपरेशनला आलेले तुमचे मामा टुरिस्ट?"

"व्याख्येप्रमाणे," मी म्हटलं.

"मग त्यांनी काय पाहिलं हो?"

यावर बोलणं खुंटलं. 'ही' मात्र आतून म्हणाली, "पाहुण्यामुळं काय होतं ते सांगलीला विचारा. कर्नाटकातली भागवत मंडळी इथं खेळ करायला आली, आप्पासाहेब पटवर्धनांनी ते बघितले आणि विष्णुदास भाव्यांना तसं मराठीत करायला सांगितलं. १८४३ साली सीतास्वयंवर झालं. तेव्हा ती मंडळी इथं काही पाहण्यासारखं नाही म्हणून परस्पर कोल्हापूरला गेली असती, तर तुमच्या पुण्याच्या नाट्यगृहांत आज भाड्यानं लग्नं लागली असती." माहेर हा विषय निघाला की 'ही'चं इतिहासाचं वाचन एकदम वाढतं.

'ही'चं सातारबद्दलही एक मत आहे आणि ते दर पावसाळ्यात मला ऐकावं लागतं. कृष्णा महाबळेश्वरला उगवते, कोयना धरण पाटण तालुक्यात, म्हणजे दोन्ही सातारा जिल्ह्यात. तिथं पाऊस झाला, धरणाचे दरवाजे उचलले, की दोन्ही नद्या कराडला गळ्यात गळे घालतात आणि सांगलीला येतात. "सातारहून नेमानं येणारा आणि राहून जाणारा पाहुणा एकच, तुमचं पाणी!" असं 'ही' म्हणते. माझा त्यात काय हात? पण जुलै-ऑगस्टात आमच्या घरात मी कोयना प्रकल्पाचा प्रतिनिधी असतो.

सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं भेटली की 'कसं काय' म्हणत नाहीत. 'किती फूट?' म्हणतात. कृष्णेवरच्या १९२९ सालच्या आयर्विन पुलाशी पाणी किती चढलंय, हा तो आकडा. ४० ला इशारा, ४५ ला धोका. २००५ साली ५३ च्या वर गेलं तेव्हा जुनी माणसं म्हणाली, असं पुन्हा होणार नाही. २०१९ च्या ऑगस्टात ५७ च्या वर गेलं.

त्या वेळी आम्ही तळमजल्यावर होतो. सासूबाईंना खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून वर नेलं. दोन रात्री वरच्या बिऱ्हाडात काढल्या, मग बोटीनं बाहेर. 'ही'च्या लग्नातला शालू, मुलाची दहावीची पुस्तकं, माझं रजिस्टर, सगळं खाली. (रजिस्टर पुढं सापडलं. शाई फुटली होती, बेरजा शाबूत होत्या.) त्या आठवड्यात सांगलीला जेवढे पाहुणे आले तेवढे आधी कधी आले नसतील. हेलिकॉप्टरमधले, बोटीतले, कॅमेरेवाले. भाकरीची बोचकी घेऊन गावोगावची माणसं आली, त्यांचं नाव काढलं की अजून 'ही'चे डोळे भरतात. आणि नुसतं पाणी बघायला मोटारी काढून आलेलेही होते. त्या वर्षी आम्ही पाहण्यासारखे झालो होतो.

आम्ही सातारला माझ्या भावाकडं पोचलो त्या रात्री दिलीपरावांचा फोन आला. सगळे सुखरूप आहेत ना, पैसे पाठवू का, असं सगळं नीट विचारलं. आणि ठेवता ठेवता म्हणाले, "चला, आता तरी सांगलीत पाहण्यासारखं काहीतरी झालं!"

मी हसलो नाही. माझ्या वैवाहिक आयुष्यात त्यांच्या त्या विनोदाला मी प्रथमच हसलो नाही. फोन ठेवला. त्यानंतर भांडण असं काही झालं नाही. लग्नाकार्यात भेटलो, 'काय कसं काय' झालं. पण पूर्वी मी त्यांना आपणहून फोन करायचो, तो करायचा राहिला. असं काही वेळा राहून जातं आणि मग सुरू करायला निमित्त लागतं.

निमित्त झालं ते गेल्या फेब्रुवारीत. 'ही'ची ताई, म्हणजे दिलीपरावांची मंडळी, हिला छातीत गाठ लागली. पुण्यात डॉक्टरांची काय वाण आहे? पण ताईनं हट्टच धरला, "काढायची तर मिरजेला. माझ्या माणसांत." दोघं फाईल घेऊन आमच्याकडं उतरली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाठ तपासायला पाठवली आणि सांगितलं, रिपोर्टला पाच दिवस लागतील.

पाच दिवस काय असतात ते ज्यांनी काढलेत त्यांना सांगायला नको. ताई आपली शांत होती. दिलीपराव मात्र आमच्या गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायचे. सहा पावलांची गॅलरी. दुसऱ्या दिवशी सकाळी 'ही' स्वयंपाकघरातून मला हळूच म्हणाली, "त्यांना कुठंतरी न्या. फरशी झिजेल."

"कुठं नेऊ?"

"सांगली दाखवा."

आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मी रजा टाकली आणि स्कूटर काढली.

पहिल्या दिवशी मार्केट यार्डात नेलं. हळदीचा हंगाम नुकता लागला होता. राजापुरी हळदीचे ढीग, पोत्यांच्या थप्प्या, सौदे चाललेले, आणि हवेत अशी हळद की दिलीपरावांना लागोपाठ अकरा शिंका आल्या. एका हमालानं त्यांच्याकडं बघून म्हटलं, "पावणं नवीन दिसत्यात." परत आलो तेव्हा त्यांच्या पँटचे पाय पिवळे झाले होते. ताई हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी हरिपूरला. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ. तिथल्या जमिनीत हळद साठवायची पेवं असायची. वरून बघाल तर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत मात्र खोली मावेल. वर्षानुवर्षं हळद त्यात किडीशिवाय राहायची. २००५ च्या पुराचं पाणी आत गेलं आणि तो व्यवहार बहुतेक मोडला. दिलीपराव एका बुजलेल्या तोंडाशी बराच वेळ उभे होते. "वरून काहीच कळत नाही, नाही का?" ते म्हणाले. ते हळदीबद्दल बोलत असावेत असं समजून मी "नाही" म्हटलं.

तिसऱ्या दिवशी मिरजेत ताईची पट्टी बदलायची होती. दोन तास बाहेर बसायचं. मी त्यांना सतारमेकर गल्लीत नेलं. मिरजेचे तंबोरे कोणाला माहीत नाहीत? अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले आणि मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले. सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. एका दुकानात भोपळे टांगले होते, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे ते भलेथोरले भोपळे. खाली एक वयस्कर कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते. घोडीवर कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, कान लावायचा. पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, केसभर पुढं, केसभर मागं.

दिलीपरावांनी विचारलं, "झालं का?"

"अजून नाही," ते म्हणाले.

आम्ही बाकड्यावर बसलो. चहा आला. तार वाजत होती, पण नुसती वाजत होती.

"आता?"

"अजून नाही. घाई केली तर घोडी वाया जाती, साहेब."

स्वित्झर्लंडचे डोंगर ज्यांनी बसच्या खिडकीतून चार दिवसांत उरकले ते दिलीपराव त्या बाकड्यावर पाऊण तास बसले. आणि मग एकदा दोरा कुठंतरी नेमका बसला आणि ती तार बोलायला लागली. बोलायला म्हणजे, छेडून झाल्यावरही थांबेना. आवाज दुकानभर पसरला, टांगलेल्या भोपळ्यांत शिरला. कारागिरानं मान डोलावली आणि दुसरी तार घेतली. दिलीपरावांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला. हळद गेली असेल म्हणावं तर तो दिवस हळदीचा नव्हता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गणपतीच्या देवळात गेलो आणि तिथून पायी आयर्विन पुलावर. फेब्रुवारीतली कृष्णा ती, खाली निवांत पडलेली. मी त्यांना पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं. ते वाकून खाली नदीकडं बघत राहिले, मग वर बघितलं, मग पुन्हा खाली.

"सत्तावन्न? इथपर्यंत?"

"हो."

"आणि तुम्ही तेव्हा घरात होता."

"होतो."

पुलावरून एक एस.टी. गेली, पूल थोडा हलल्यासारखा वाटला. दिलीपराव कठड्याला धरून म्हणाले, "मी तेव्हा फोनवर काहीतरी बोललो होतो."

मला ते वाक्य विरामचिन्हांसकट पाठ होतं. मी म्हटलं, "काय? आठवत नाही बुवा."

"मलाही नाही आठवत," ते म्हणाले.

मग आम्ही भडंग घेतलं आणि घरी आलो.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. गाठ साधी होती. 'ही' आणि ताई गळ्यात पडून रडल्या. सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. आणि दिलीपराव मोठ्या आवाजात परतीच्या गाडीची चौकशी करायला लागले, तेव्हा ते बरे झाल्याचं आमच्या लक्षात आलं. ते गेल्यावर मी रजिस्टर काढलं. मुक्काम नऊ रात्री, उद्देश 'दवाखाना'. 'ही'चं म्हणणं पडलं की निदान दिलीपरावांपुरता 'सांगली पाहणे' या सदरात एक आकडा मांडावा, इतक्या वर्षांचं निरंक पुसलं जाईल. मी नकार दिला. एकाच पाहुण्याचे दोन उद्देश ऑडिटला टिकत नाहीत.

मेमध्ये पुण्यात नात्यातलं लग्न होतं. पंगतीत नवा जावई दिलीपरावांशेजारी होता. त्यानं सहज विचारलं, सांगली कशी आहे हो? दिलीपरावांनी जिलबीचा तुकडा मोडला. "सांगलीत पाहण्यासारखी एकच गोष्ट आहे," ते म्हणाले, "परतीचं तिकीट." पंगत हसली. पलीकडून मीही हसलो. ताई वाढत होती. तिनं त्यांच्या पानात मागितलेली नसताना दुसरी जिलबी टाकली.

जुलैत पाऊस लागला. एका रविवारी सकाळी सात वाजता फोन. दिलीपराव.

"काय हो, किती फूट?"

मी म्हटलं, "सव्वीस."

"काल संध्याकाळी तेवीस होतं ना?"

म्हणजे काल संध्याकाळचा आकडाही त्यांनी कुठूनतरी मिळवला होता. मी म्हटलं, "घाबरायचं कारण नाही. चाळीसला इशारा देतात."

"ते माहीत आहे मला," ते जरा चिडून म्हणाले. "कोयनेतून किती सोडलंय?"

"ते मला काय ठाऊक?"

"तुम्हाला नाही तर कुणाला? तुम्हीच सातारचे ना!"

मागून 'ही' म्हणाली, "बरोबर विचारतायत."